मार कुशीला, रक्त लघवीत

सोयाबीनची मळणी आणि कापसाची वेचणी एकाच वेळी सुरू झाली की ट्रॉलीवरून, बंडीवरून, झाडावरून पडल्याची पत्रे वाढतात. या महिन्यात किडनीला लागलेल्या माराबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरे मूत्ररोग शल्यचिकित्सा आणि रेडिओलॉजी या दोन शाखांच्या डॉक्टरांनी मिळून दिली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा मोठा भाऊ (वय 42) सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॉलीवरून पडला आणि उजवी कूस धुऱ्यावरच्या दगडावर आदळली. लघवी लाल झाली. मोठ्या दवाखान्यात सीटी स्कॅन काढून ‘किडनी फाटली आहे, ग्रेड 3’ असे सांगितले, पण ऑपरेशन केलेच नाही. आठ दिवस नुसते झोपवून ठेवले. माझ्या मोठ्या बाबांना तीस वर्षांपूर्वी असाच मार लागला होता, तेव्हा त्याच रात्री पोट उघडून किडनी काढली होती. भावाच्या बाबतीत टाळाटाळ झाली का?
— ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : नाही. दोघांवर वेगवेगळे उपचार झाले, कारण मधल्या तीस वर्षांत या दुखापतीकडे पाहण्याची रीतच बदलली.

किडनी 10 ते 12 सेंटिमीटर लांब आणि साधारण 150 ग्रॅम वजनाची असते. पण हृदय मिनिटाला जेवढे रक्त बाहेर फेकते त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे लिटरभर रक्त, दोन्ही किडन्यांतून जाते. ती फाटली की रक्त जोरात येणार हे उघडच आहे. मात्र किडनी पोटाच्या पोकळीत मोकळी नसते. ती पोकळीच्या मागे, पाठीच्या स्नायूंना टेकून असते. तिच्यावर स्वतःचे पातळ कवच, त्याभोवती चरबी आणि त्याबाहेर ‘गेरोटाचे आवरण’ म्हणतात तो पडदा असतो. या बंद जागेत रक्त साचू लागले की दाब वाढतो, फाटलेल्या कडा दाबल्या जातात आणि रक्त बहुतेक वेळा आपोआप थांबते. बोट कापल्यावर आपण चिंधी घट्ट गुंडाळून धरतो. इथे ती चिंधी शरीराने आधीच गुंडाळून ठेवली आहे.

सर्जनने ते आवरण उघडले की चिंधी सुटते. दबलेले रक्त पुन्हा उसळते, समोर काही दिसेनासे होते आणि रुग्णाचा जीव वाचवायला किडनीच्या मुळाशी चिमटा लावून ती काढण्यावाचून इलाज उरत नाही. जुन्या काळी अशा कितीतरी किडन्या गेल्या, ज्या न उघडता वाचल्या असत्या.

म्हणून मोठ्या बाबांच्या सर्जनची चूक झाली असे म्हणता येणार नाही. 1869 साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे गुस्ताव सिमोन यांनी ठरवून किडनी काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली आणि एका किडनीवर माणूस जगतो हे दाखवून दिले. तेव्हापासून ‘शंका असेल तर काढा’ हा निर्णय सोपा झाला होता. शिवाय आत काय फाटले आहे हे बाहेरून कळत नसे. टेबलावर पोट उघडल्यानंतर शिरेतून रंगद्रव्य देऊन दहा मिनिटांनी एकच एक्स-रे काढायचा, दुसरी किडनी चालू आहे एवढे पाहायचे आणि पुढचे ठरवायचे, अशी पद्धत होती. सीटी स्कॅन जिल्ह्यापर्यंत पोहोचला तेव्हा कुठे न उघडता आत पाहता येऊ लागले.

ग्रेड म्हणजे काय तेही सांगतो, कारण हा आकडा ऐकून घरचे लोक घाबरतात. अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जनांच्या संघटनेने 1989 साली ही प्रतवारी केली आणि 2018 साली ती सुधारली. ग्रेड 1 म्हणजे नुसता मुका मार किंवा कवचाखाली साचलेले रक्त. ग्रेड 2 मध्ये 1 सेंटिमीटरपर्यंत खोल चीर असते, ग्रेड 3 मध्ये त्याहून खोल, पण लघवी बाहेर गळत नाही. चीर लघवी साठणाऱ्या भागापर्यंत गेली आणि लघवी बाहेर झिरपू लागली की ग्रेड 4. किडनीचे तुकडे झाले किंवा मुख्य रक्तवाहिनी तुटली तर ग्रेड 5. 2018 च्या सुधारणेत महत्त्वाची भर पडली ती अशी की रक्त अजून वाहते आहे का, आणि ते गेरोटाच्या आवरणाच्या आतच आहे की बाहेर पडले, हेही ग्रेड ठरवताना धरले जाऊ लागले. आत असेल तर 3, बाहेर असेल तर 4.

आता निर्णय ग्रेडवर कमी आणि माणसाच्या अवस्थेवर जास्त ठरतो. रक्तदाब टिकून असेल तर ग्रेड 4 सुद्धा न कापता सांभाळतात. काही निवडक ग्रेड 5 देखील. रक्त चढवूनही दाब उभा राहत नसेल, तर ग्रेड कोणताही असो, थांबता येत नाही. मुक्या माराच्या दुखापतींत दहापैकी नऊहून अधिक रुग्णांना किडनीसाठी ऑपरेशन लागत नाही.

‘नुसते झोपवून ठेवले’ यातला ‘नुसते’ हा शब्द मात्र मागे घ्या. त्या आठ दिवसांत नाडी आणि रक्तदाब मोजला जातो, पहिल्या दिवशी दर सहा तासांनी हिमोग्लोबिन बघतात, आणि लघवीचा रंग पाहतात. हे रंगाचे काम अगदी साध्या रीतीने होते. दर वेळच्या लघवीतली थोडी पारदर्शक बाटलीत घ्यायची, पट्टीवर वेळ लिहायची आणि बाटल्या खिडकीत ओळीने ठेवायच्या. पहिली बाटली जास्वंदीसारखी लाल, चौथी-पाचवी कोऱ्या चहासारखी, मग गव्हाळ, मग पिवळी. तांबूस-तपकिरी रंग म्हणजे जुने रक्त, ते वाहून जाते आहे. तपकिरी झालेली लघवी पुन्हा लालभडक आली तर नर्सला त्याच क्षणी हाक मारायची. ओळीतल्या दोन बाटल्या शेजारी धरल्या की न शिकलेल्या नातेवाइकालाही फरक दिसतो. कोणत्याही महागड्या यंत्राइतकी ही ओळ कामाची आहे असे आमचे मत आहे.

प्रश्न : सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली, तरी डॉक्टरांनी सीटीसाठी यवतमाळला पाठवले. साडेतीन तासांचा प्रवास झाला. सोनोग्राफीवर भरवसा नसेल तर ती करतातच कशाला?
— ता. उमरखेड, जि. यवतमाळ

उत्तर : अपघातानंतरची झटपट सोनोग्राफी पोटाच्या पोकळीत रक्त सांडले आहे का, एवढेच पाहण्यासाठी असते. यकृत किंवा प्लीहा फुटली तर ते रक्त तिथे दिसते. किडनीचे रक्त पोकळीच्या मागे, आवरणाच्या आत साचते. म्हणून किडनीला चांगली चीर असूनही ही सोनोग्राफी स्वच्छ येऊ शकते. ती वाहती रक्तवाहिनीही भरवशाने दाखवत नाही आणि लघवीची गळती तर नाहीच.

सीटी सुद्धा कशीही काढून चालत नाही. शिरेतून रंगद्रव्य देऊन तीनदा चित्रे घ्यावी लागतात. पहिली सुमारे अर्ध्या मिनिटाने, धमन्यांसाठी. दुसरी साधारण 70 ते 80 सेकंदांनी, किडनीच्या गरासाठी. तिसरी 10 मिनिटे थांबून, कारण रंगद्रव्य लघवीत उतरायला तेवढा वेळ लागतो आणि गळती असेल तर ती तेव्हाच उजळ दिसते. ही तिसरी फेरी घाईत गाळली जाते आणि ग्रेड 4 चा रुग्ण ग्रेड 3 म्हणून वॉर्डात जातो. चौथ्या दिवशी ताप आला, पोट फुगले की मग उलगडा होतो. रंगद्रव्याशिवायची ‘साधी’ सीटी या कामी जवळपास निरुपयोगी आहे. दोन-अडीच हजार वाचवायला ती काढून आणू नका.

प्रश्न : लघवी लाल नसेल तर किडनी सुरक्षित आहे असे समजावे का?
— मूर्तिजापूर

उत्तर : नाही. लघवी किती लाल आहे यावरून दुखापत किती मोठी हेही ठरत नाही. किडनीची मुख्य धमनीच बंद पडली किंवा तुटली तर लघवीत उतरायला रक्तच येत नाही. किडनीपासून लघवीची नळी उखडली तरी लघवी स्वच्छ असू शकते. उंच चिंचेवरून, मोहावरून किंवा विहिरीत पडणे, वेगातली मोटरसायकल एकदम आदळणे, अशा झटक्यात हे होते. शरीर थांबते, किडनी पुढे ओढली जाते आणि धमनीचे आतले अस्तर चिरते. अशा माराचा इतिहास असेल, कुशीवर निळा डाग असेल, खालच्या बरगड्या मोडल्या असतील, तर लघवी कशीही असो, सीटी व्हायला हवी. अडलेली धमनी उघडायची संधी फार थोड्या तासांची असते.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. आमच्याकडे सीटी नाही, सर्जन आठवड्यातून दोनदा येतात. किडनीच्या संशयित दुखापतीत पुढे पाठवण्याआधी नेमके काय करावे, आणि काय करू नये?
— जि. गडचिरोली

उत्तर : सिरोंचा, भामरागड, इकडे धारणी-चिखलदरा अशा भागांतून मोठे रुग्णालय तासन्‌तास दूर असते. त्यामुळे पहिल्या वीस मिनिटांत तुम्ही काय करता यावर बरेच अवलंबून आहे.

आधी श्वास आणि नाडी, मग किडनी. दोन्ही हातांना 16 किंवा 18 गेजच्या सुया लावा. नाडीच्या आकड्याला वरच्या रक्तदाबाने भागा. उत्तर 0.9 च्या वर गेले तर दाब 100 दिसत असला तरी रुग्ण रक्त गमावतो आहे असे धरा. नाडी 120 आणि दाब 100 म्हणजे 1.2, हा रुग्ण ओपीडीच्या बाकावर बसवून ठेवायचा नाही.

सलाइन हात राखून द्या. पूर्वी दोन-तीन लिटर धो-धो चालवायची सवय होती. त्याने रक्त पातळ होते, गोठण्याचे घटक विरळ होतात, अंग गार पडते आणि दाब वाढून बसलेली गुठळी सुटते. सुरुवातीला 1 लिटरपर्यंत द्या, वरचा दाब 80 ते 90 च्या आसपास राहू द्या आणि रक्ताची सोय करा. डोक्यालाही मार असेल तर मात्र दाब कमी ठेवून चालत नाही, तिथे 110 च्या वर राखा. तुमच्याकडे रक्त साठवणूक केंद्र असेल तर वाट न पाहता रक्त लावा. नसेल तर गट तपासून पुढच्या रुग्णालयाला फोनवर कळवा.

दुखापतीला 3 तास झाले नसतील आणि रुग्ण शॉकमध्ये (रक्त गेल्याने दाब ढासळलेला) असेल तर ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे गुठळी टिकवणारे औषध 1 ग्रॅम 10 मिनिटांत, मग 1 ग्रॅम 8 तासांत. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-2 या 20,000 हून अधिक रुग्णांच्या चाचणीने याचा फायदा दाखवला. तीन तासांनंतर दिले तर उलट नुकसान दिसले, म्हणून मार लागल्याची वेळ नातेवाइकांना खोदून विचारा. ‘सायंकाळी’ हे उत्तर पुरेसे नाही; ‘गुरे घरी आल्यावर की आधी’ असे विचारले की वेळ सापडते. आणि स्थिर रुग्णाची लघवी फक्त गुलाबी आहे म्हणून हे इंजेक्शन देऊ नका. गुठळ्या घट्ट होऊन लघवीची नळी तुंबते.

कॅथेटर (मूत्राशयातून लघवी बाहेर काढायची नळी) घालण्यापूर्वी लघवीच्या छिद्राशी रक्ताचा थेंब आहे का ते पाहा. असेल तर, विशेषतः ओटीपोटाचे हाड मोडल्याचा संशय असताना, मूत्रमार्ग फाटलेला असू शकतो. कॅथेटर ढकलू नका. नसेल तर 16 किंवा 18 नंबरचा फोली घाला आणि पहिली लघवी बाटलीत जपून ठेवा. गाडीत लघवी थांबली तर किडनी बंद पडली असे लगेच समजू नये. बहुतेकदा गुठळी अडकलेली असते. 50 मिलीच्या सिरिंजने सलाइन हळू आत सोडून ओढा. प्रौढाला किलोमागे ताशी अर्धा मिली लघवी पुरेशी. 60 किलोच्या माणसाला ताशी 30 मिली.

डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन अजिबात नको. त्याने रक्त गोठण्यात अडथळा येतो आणि किडनीचा रक्तपुरवठाही घटतो. पॅरासिटामॉल शिरेतून द्या, लागल्यास ट्रामाडॉल. तोंडाने काही देऊ नका.

रेफरल चिठ्ठीवर ‘पोटाला मार, उच्च उपचारार्थ’ एवढे लिहून भागत नाही. मार लागल्याची वेळ, कशाने लागला, तुम्ही प्रथम पाहिले तेव्हाची आणि निघतानाची नाडी-दाब, लघवीचा रंग व प्रमाण, दिलेली औषधे वेळेसह, आणि लघवीची गर्भचाचणी (स्त्री रुग्ण असेल तर). पुढच्या डॉक्टरचे अर्धे काम तिथेच होते. अपघात, मारहाण, जनावराचा हल्ला असेल तर मेडिकोलीगल (पोलिसांसाठीची कायदेशीर) नोंद तुमच्याकडेच करून ठेवा, मात्र पोलीस येईपर्यंत 108 ची गाडी थांबवू नका.

प्रश्न : नऊ वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला, हँडल पोटात घुसले. मार किरकोळ, पण लघवी रक्तासारखी. तपासणीत ‘किडनी जन्मापासून फुगलेली आहे’ असे निघाले. एवढ्या लहान माराने किडनी कशी फाटली?
— ता. अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : फुगली होती म्हणूनच फाटली. किडनीतून लघवीची नळी निघते तिथे जन्मतः अरुंदपणा असेल तर लघवी तुंबून किडनी पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी होते. कुणाच्या पोटात दोन्ही किडन्या खाली जोडलेल्या, घोड्याच्या नालेसारख्या असतात आणि त्या पाठीच्या कण्यावर दाबल्या जातात. किरकोळ मार आणि भरपूर रक्त अशी जोडी दिसली की आधीचा दोष शोधायचाच.

निरोगी मुलांतही किडनी शरीराच्या मानाने मोठी, भोवतालची चरबी कमी आणि बरगड्या लवचिक असतात. बरगडी मोडत नाही, वाकते आणि मार आत पोहोचवते. दुसरी गोष्ट आईवडिलांनी आणि डॉक्टरांनीही ध्यानात ठेवावी. मुलाचा रक्तदाब फार उशिरा पडतो. 25 किलोच्या मुलाच्या अंगात जेमतेम 2 लिटर रक्त असते. त्यातले पाव गेले तरी दाब बरा दिसू शकतो आणि मग एकदम कोसळतो. त्याआधी नाडी धावते, हातपाय गार पडतात, मूल चिडचिड करते किंवा गप्प होते. दहा वर्षांपर्यंतच्या मुलात वरचा दाब वयाच्या दुपटीत 70 मिळवून येणाऱ्या आकड्याखाली नको. नऊ वर्षांच्या मुलाला 88.

जखम भरल्यावर अरुंद जागेची शस्त्रक्रिया लागेल का ते स्कॅन करून ठरवतात. घाई नसते, पण विसरूनही चालत नाही.

प्रश्न : पत्नीला दहाव्या दिवशी घरी सोडले. तेराव्या दिवशी पुन्हा रक्ताची लघवी आणि चक्कर. मग मांडीतून तार घालून ‘रक्तवाहिनी बुजवली’. हे आधीच का केले नाही? आणि आत ठेवलेली वस्तू पुढे त्रास देईल का?
— ता. वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : फाटलेली धमनी गुठळीने बंद होते, पण कधी तिच्या बाजूला पातळ भिंतीचा फुगा तयार होतो, किंवा ती शेजारच्या शिरेला जोडली जाते. साधारण दोन-तीन आठवड्यांत गुठळी विरघळू लागते आणि फुगा लघवीच्या मार्गात फुटतो. पहिल्या सीटीत हा फुगा असतोच असे नाही. तेव्हा दिसला असता तर त्याच वेळी बुजवला असता. ग्रेड 4 आणि 5 मध्ये 48 ते 72 तासांनी पुन्हा सीटी काढतात ती याच्यासाठी आणि गळतीसाठी. हलक्या ग्रेडमध्ये रुग्ण बरा असेल तर दुसरी सीटी लागत नाही.

बुजवण्याची रीत अशी. जांघेत भूल देऊन तिथल्या धमनीत सुई टोचतात, तिच्यातून लवचिक तार आणि तारेवरून दोनेक मिलिमीटर जाडीची नळी सरकवतात. सुई, तार, नळी हा क्रम 1953 साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सांगितला, तो आजही तसाच आहे. नळी महाधमनीतून किडनीच्या धमनीत वळवतात, रंगद्रव्य सोडून पडद्यावर गळकी फांदी शोधतात, मग त्या नळीतून आणखी बारीक नळी थेट त्या फांदीत नेतात आणि प्लॅटिनमचे केसासारखे बारीक वेटोळे सोडतात. वेटोळ्यावर रक्त गोठते आणि फांदी बंद होते. जितके खोल जाऊन बुजवावे तितकी किडनी वाचते. धुऱ्याजवळचा एक दांड फुटला तर तेवढाच बांधायचा, मोटारच बंद करायची नाही, असे हे काम आहे. बुजवलेल्या फांदीच्या वाट्याचा तुकडा सुकतो, म्हणून दोन-तीन दिवस ताप आणि कुशीत दुखणे राहते. वेटोळे तिथेच कायम राहते, त्याने त्रास होत नाही. पुढे कधी एमआरआय काढायचा झाल्यास कागद दाखवा, एवढेच. जांघेची जागा सहा तास सरळ पाय ठेवून जपावी लागते.

ही सोय प्रत्येक जिल्ह्यात नाही. म्हणून सुट्टी देताना डॉक्टरांना एक प्रश्न विचारून ठेवा : रात्री पुन्हा रक्त आले तर मी थेट कुठे जाऊ? रेशन कार्ड, आधार कार्ड आणि जुनी सीटी एका पिशवीत तयार ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून कळते.

प्रश्न : शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गोऱ्ह्याने शिंग मारले, जखम पाठीकडून कुशीत. शिंग आत गेले म्हणजे ऑपरेशन अटळच ना?
— ता. साकोली, जि. भंडारा

उत्तर : पूर्वी अटळ मानत. आता पाठीकडच्या जखमेत रक्तदाब स्थिर असेल, पोट मऊ असेल आणि सीटीत फक्त किडनीलाच लागले असेल, तर इथेही थांबून पाहतात. पण शिंगाचा मार फसवा. बाहेर दोन बोटांचे भोक आणि आत बैलाने मान फिरवल्यामुळे तीन दिशांना फाटलेले स्नायू. शेजारी मोठे आतडे. आतडे फुटले असेल तर शस्त्रक्रिया लागतेच. जखमेत माती, शेण गेलेले असते, ती वरवर शिवून बंद करायची नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. जखमेत चिंधी, हळद, तंबाखू कोंबू नका. स्वच्छ कापड दाबून धरा. रानडुक्कर किंवा अस्वलाने फाडले असेल तर रेबीजची लस आणि जखमेत द्यायचे सीरमही लागते.

प्रश्न : वडिलांना लघवीच्या गळतीसाठी डीजे स्टेंट टाकला. शिवाय लघवीची पिशवीही लावली. नळी आत असताना पिशवी कशाला?
— ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : बऱ्याच गळत्या काही न करता बुजतात. ताप, वाढते दुखणे, पोट फुगणे किंवा साचलेल्या लघवीची गाठ मोठी होणे, असे काही झाले तरच स्टेंट टाकतात. स्टेंट किडनीपासून मूत्राशयापर्यंत जातो, लघवीला सोपी वाट मिळते आणि फाटलेल्या जागी ती झिरपत नाही. पण ही नळी दोन्हीकडून उघडी असते. मूत्राशय भरले की तीच लघवी उलटी किडनीत चढते आणि गळती पुन्हा सुरू होते. पिशवीमुळे मूत्राशय रिकामे राहते. म्हणून ‘वडिलांना लाज वाटते’ म्हणून कॅथेटर मध्येच बंद करू नका. पिशवी नेहमी कमरेच्या खाली, खाटेच्या दांडीला. उचलून छातीवर ठेवून चालायचे नाही.

स्टेंट साधारण सहा ते आठ आठवड्यांनी काढतात. हा भाग उन्हाचा आणि मुतखड्यांचा. विसरलेल्या स्टेंटवर खडे चढतात, तो मध्येच तुटतो, आणि पाच मिनिटांचे काम दोन-तीन शस्त्रक्रियांवर जाते. त्रास होत नाही म्हणून राहू दिलेला स्टेंट ही आमच्या शाखेतली रोजची डोकेदुखी आहे. काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून मागा आणि घरातल्या कॅलेंडरवर गोल करा.

प्रश्न : ग्रेड 2 ची दुखापत झाली होती. वखर, फवारणीचा पंप, पोती उचलणे कधीपासून करू?
— ता. कळंब, जि. यवतमाळ

उत्तर : लघवी डोळ्यांना स्वच्छ दिसली म्हणजे काम सुरू, असे नाही. सूक्ष्मदर्शकाखालीही लाल पेशी दिसेनाशा झाल्या पाहिजेत. ती तपासणी साध्या प्रयोगशाळेत होते. ग्रेड 1-2 ला 2 ते 6 आठवडे. मोठ्या ग्रेडला जड काम, कबड्डी, बंडीचे हादरे 6 ते 12 महिने नको. पाठीवरचा भरलेला 16 लिटरचा पंप हा सरळ किडनीवर टेकतो, तो सर्वांत शेवटी. कुशीला मालिश, शेक, चोळणे नाही. दुखले तर पॅरासिटामॉल, मेडिकलमधून मिळेल ती ‘कंबरदुखीची गोळी’ नव्हे.

रक्तदाब वर्षभर तपासत राहा, पहिले तीन महिने महिन्यातून एकदा. कवचाखाली साचलेले रक्त किडनीला दाबून ठेवते, तिला रक्त कमी पोहोचते आणि ती दाब वाढवणारे संप्रेरक सोडते. अमेरिकेतले डॉ. अर्विन पेज यांनी 1939 साली कुत्र्यांच्या किडन्या सेलोफेनमध्ये गुंडाळून हे दाखवले. म्हणून या अवस्थेला पेज किडनी म्हणतात. तिशीतल्या माणसाला अचानक दाब निघाला आणि मागे कुशीला मार बसला होता, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

प्रश्न : मुलगी सिकलसेल वाहक (एएस) आहे. पायरीवरून घसरली, मार फारसा नाही, पण चार दिवस लघवी लाल आहे. सीटीत किडनी ठीक. मग रक्त कुठून?
— ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक दोष, वाहकाला एरवी त्याचा त्रास सहसा नसतो. पण किडनीच्या आतल्या भागात प्राणवायू कमी आणि क्षार जास्त असतात. तिथे वाहकांच्याही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्या तुंबतात आणि रक्त झिरपते. डाव्या बाजूला हे जास्त आढळते आणि मार नसतानाही होते. त्यामुळे पूर्व विदर्भात लाल लघवीचा रुग्ण आला की मार विचारतानाच सिकलसेलचे कार्डही विचारावे. पाणी भरपूर, विश्रांती, आणि पाण्याचे प्रमाण टिकवले की बहुतेकदा आठवड्याभरात लघवी निवळते. गुठळ्या पडू लागल्या, हिमोग्लोबिन उतरले किंवा दुखणे वाढले तर दाखल करा. टीबीची रिफाम्पिसिन गोळी चालू असेल किंवा बीट खाल्ले असेल तर लघवी रक्ताशिवायही नारिंगी-लाल होते, तेव्हा तपासणीला पाठवताना चिठ्ठीवर तेही लिहा.